दुधीचा रस कोण काढणार?

प्रश्न : मिस्टरांनी दोन महिन्यांपासून निसर्गोपचार सुरू केलाय. पहाटे दुधीचा रस, नाश्त्याला मोड आलेली मटकी, दोन्ही वेळा नाचणीची भाकरी. सासूबाईंना मऊ भात लागतो, मुलगी डब्यात पोळीच नेते. मला आठ वाजता ऑफिसला निघायचं असतं. त्यांची साखर खाली आली, पण माझी पाठ धरली. काय करू? (चिंचवड)

उत्तर : माझ्याकडे मधुमेहाचे पुरुष रुग्ण येतात, तेव्हा बरोबर बायको असते आणि वही तिच्या हातात असते. मी ‘नाचणी’ म्हटलं की ती लिहून घेते, तो मान डोलावतो. सुरुवातीची काही वर्षं मला याचं कौतुक वाटायचं. आता मी वही त्यांच्या हातात द्यायला लावते. ज्याचं पथ्य, त्याची वही. मटकी भिजत घालणं, उपसणं, फडक्यात बांधणं याला पाच मिनिटं लागतात आणि कसलंही कौशल्य लागत नाही. हे काम आजपासून त्यांचं.

दुसरं म्हणजे, स्वयंपाक एकच ठेवा, ताटं वेगळी करा. वरण, भाजी, कोशिंबीर सगळ्यांना तीच. त्यांच्या ताटात भाजी दुप्पट आणि भाकरी एक, सासूबाईंना भात थोडा जास्त शिजवून, मुलीला पोळी. नाचणीचाच हट्ट कशाला? ज्वारीची भाकरी चालते, आणि थापायला ती जास्त सोपी. नाचणीची उकड काढून भाकरी करणं हे सकाळी सातच्या घाईचं काम नव्हे, हे पथ्य लिहून देणाऱ्या आम्हा लोकांना क्वचितच सुचतं.

आता दुधीचा रस. हा मला मुळातच पसंत नाही. रस गाळला की चोथा जातो, आणि साखरेच्या रुग्णाला गरज त्या चोथ्याची. शिवाय कडू दुधी विषारी असतो. त्यात कुकुरबिटासिन नावाची द्रव्यं असतात. त्यांनी उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी होते, रक्तदाब कोसळतो. २०१० मध्ये दिल्लीत असा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. कडू रस ‘औषध आहे’ म्हणून डोळे मिटून पिणारे मी पाहिलेत. कच्च्या दुधीची चकती जिभेला लावून बघायची. कडू लागली तर थुंकायचं आणि आख्खा दुधी फेकायचा, शिजवूनही खायचा नाही. चांगला निघाला तर हरभऱ्याची डाळ घालून भाजी करा, सगळं घर खाईल. पहाटेचं एक काम कमी होईल ते वेगळंच.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. सात दिवस फक्त लिंबूपाण्यावर लंघन करायचं आणि गोळ्या बंद करायच्या असं त्यांनी ठरवलंय. ‘गांधीजींनी नाही का केलं?’ म्हणतात. (नाशिक)

उत्तर : गांधीजींचं नाव काढलंय, तर पुरतं काढू. १९४३ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांनी २१ दिवसांचा उपवास केला, तेव्हा डॉ. गिल्डर, डॉ. सुशीला नय्यर आणि डॉ. बिधानचंद्र रॉय त्यांच्याजवळ होते. प्रकृती रोज तपासली जात होती. तुमच्या वडिलांजवळ कोण असणार आहे? १९४६ मध्ये गांधीजींनी उरुळी कांचनला निसर्गोपचाराचं काम सुरू केलं ते खेड्यातल्या गरिबांसाठी. माती, पाणी, ऊन, साधं अन्न, म्हणजे ज्याला खर्च नाही ते. घरच्या घरी सात दिवस उपाशी राहण्याचा तो कार्यक्रम नव्हता.

माझं म्हणणं स्पष्ट आहे : हे लंघन करू नये. लंघन मी देते, पण गोळ्या घेणाऱ्या मधुमेह्याला स्वतःच्या मनाने मुळीच नाही. गोळ्यांच्या पाकिटावरची नावं वाचा. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि पोटात काही नसेल, तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, धडधड, मग बरळणं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे धडधड, थरथर ही लक्षणं झाकलीही जातात. साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आणि गोळ्या एकदम बंद केल्या, तर साखर नि रक्तदाब दोन्ही वर उसळतात.

मग त्यांनी काहीच करू नये? करावं की. रात्रीचं जेवण साडेसातच्या आत आणि निम्मं. जेवणानंतर तुम्ही त्यांच्याबरोबर पंधरा मिनिटं चालायचं. पोटावर मातीपट्टी घ्यायची तर खुशाल घ्या, तिने बरं वाटतं, साखर मात्र उतरत नाही. तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) उतरलेलं दिसलं तर गोळ्या कमी करायचं त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. मला एक शंका आहे. या वयात माणूस सात दिवस उपाशी राहायचं म्हणतो, तेव्हा कधी कधी त्याला घराने आपल्याकडे बघावं एवढंच हवं असतं. आधी रात्री बरोबर चालून बघा.

प्रश्न : रोज सकाळी सहाला तासभर कोवळ्या उन्हात चालते. तरी ड जीवनसत्त्व कमीच. (सातारा)

उत्तर : कोवळं ऊन सुखाचं असतं, पण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील ब किरण तेव्हा जवळजवळ पोचतच नाहीत. खूण सोपी आहे : तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड हवी. म्हणजे साधारण दहा-साडेदहा ते तीन. आठवड्यातून चार-पाच दिवस वीस-तीस मिनिटं, हात-पाय उघडे, डोक्यावर टोपी. खिडकीच्या काचेआडून नाही, काच ते किरण अडवते. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी डॉक्टरांनी सांगितली तेवढे आठवडेच, जेवणानंतर. शेजारणीला गुण आला म्हणून वर्षभर घेऊ नये. जास्तीचं ड साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवतं.

प्रश्न : नात चार महिन्यांची. मी मधात उगाळून गुटी देते, सूनबाई देऊ देत नाही. आमची मुलं काय मेली? (डोंबिवली)

उत्तर : आजी, सूनबाईचं बरोबर आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, तान्ह्या आतड्यात ते रुजतात आणि त्यांच्या विषाने बाळ लुळं पडू शकतं. सहा महिने फक्त आईचं दूध. सहाणेवर उगाळण्याऐवजी त्या हातांनी बाळाला हलकं तेल लावा आणि सूनबाईला तासभर झोपू द्या.

प्रश्न : तुमच्या स्वतःच्या घरी हे सगळं पाळतात का? (पुणे)

उत्तर : नाही. माझा सोळा वर्षांचा मुलगा रात्री अकराला नूडल्स करतो आणि भांडं सिंकमध्ये टाकून झोपतो. सासूबाई चहात दोन चमचे साखर घालतात, मी तिकडे बघत नाही. एकेकाळी बघत होते. तेव्हा त्या शेजारी जाऊन तीन चमचे घालून प्यायच्या. हा शोध मला दोन वर्षांनी लागला, तोही शेजारणीच्या तोंडून.

दोनच गोष्टी टिकल्यात. रात्री आठला सगळे एकत्र जेवतो आणि चारही फोन फ्रिजवर असतात. आणि बुधवारी मी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. नवरा मुगाची खिचडी करतो. तळाला थोडी लागते. ती खरवड मुलगा आधी पळवतो, म्हणून गेल्या बुधवारी नवऱ्याने ती मुद्दाम लावली असावी असा मला संशय आहे.