देव फळीवर का गेले?

*ताई, मी 63 वर्षांची. महिन्यापूर्वी घराजवळच्या ग्रुप फिटनेसच्या वर्गात नाव घातलं. बाकी सगळ्या तिशी-चाळिशीतल्या. बर्पी सुरू झाली की मी मागच्या रांगेत नुसती उभी राहते. ट्रेनर म्हणतो, "आंटी, जमेल तेवढं करा." लाज वाटते. सून म्हणते, "आई, जिवाला त्रास कशाला, कमाटीबागेत फेऱ्या मारा." बीपी गोळीवर आटोक्यात आहे, डॉक्टरांची ना नाही. तसा कसला त्रास नाही. खाली बसलं की उठवत नाही, म्हणून मुलानं देवांसाठी भिंतीवर फळी ठोकून दिली, तेवढंच. वर्ग सोडू का? – एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे*

तेवढंच? अहो, अख्ख्या पत्रात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. पाटावर बसून पूजा करणारी बाई उभ्यानं फुलं वाहायला लागली आणि घरात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मुलानं मायेनं फळी ठोकली, सून मायेनं फेऱ्या मारायला सांगते. मला दोघांचाही राग आला. उद्या न्हाणीघरात पाय घसरला आणि घरात कुणी नसलं, तर फळी उठवायला येणार नाही.

फेऱ्या चांगल्याच, हृदयाला आणि श्वासाला. पण जमिनीवरून उठायला मांड्यांत आणि कमरेत जोर लागतो, आणि तो नुसत्या चालण्यानं पुरेसा येत नाही. बर्पी या नावाला बिचकू नका. एक बैठक, एक दंड आणि शेवटी उडी, एवढीच ती. दंड-बैठका आपल्या बडोद्याला नव्या नाहीत, आखाडा चालवणाऱ्या व्यायामगुरू प्रोफेसर माणिकरावांचं गाव हे. उडी सोडा, हात जमिनीऐवजी बाकावर टेका; उरतं ते खाली जाणं आणि वर येणं. तुम्हाला नेमकं तेच हवंय, आणि नेमकं त्याच वेळी तुम्ही उभ्या राहता!

वय झालं म्हणाल, तर ऐका. 1990 साली बॉस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या 10 वृद्धांना 8 आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं होतं. एकानं मधेच सोडलं. टिकलेल्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. तुम्ही तर त्यांच्यापुढे लेक शोभाल.

वर्ग सोडायचा नाही. सोमवारी दहा मिनिटं आधी जा आणि ट्रेनरला एकच वाक्य सांगा: "मला जमिनीवरून एकटीनं उठता यायला हवं, ते शिकवा." "जमेल तेवढं" म्हणजे त्यानं तुम्हाला सोडून दिलंय, त्याला काम द्या. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील, येऊ द्या. सांध्यात कळ आली तर मात्र तिथंच थांबा.

घरी रोज एकदा, सून जवळ असताना, सतरंजीवर बसा. उठताना आधी कुशीवर वळा, मग हात-गुडघ्यांवर या. भिंतीला टेकवलेली जड खुर्ची धरा, एक पाऊल पुढं रोवा आणि त्या पायावर भार देऊन उठा. सुनेला हात देऊ देऊ नका. तिला नुसतं बघू दे.

फळी राहू दे सध्या. गणपतीत एकदा पाटावर बसून आरतीचं तबक तयार करा, आणि मला कळवा, उठताना हात कुठं टेकला.