निरोप राहिला, म्हणून परत जायचं का?

परदेशात स्वयंसेवक म्हणून शिकवायला गेलेली आणि अचानक माघारी बोलावली गेलेली तरुण मंडळी माझ्याकडे येतात, तेव्हा प्रश्न बहुधा एकच असतो : ‘परत गेले नाही, तर त्या मुलांना मी वाऱ्यावर सोडलं असं होईल ना?’ मीराही हेच विचारत आली. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत.)

मीरा मराठी घरातली, पण अमेरिकेची नागरिक. पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेतून झांबियातल्या एका खेड्यात शाळेत इंग्रजी शिकवत होती. आधी प्रशिक्षण, मग दोन वर्षं काम, असं ठरलेलं. कोरोनामुळे मार्च 2020 मध्ये पीस कोअरनं 60 हून अधिक देशांतले सुमारे 7,000 स्वयंसेवक एकदम परत बोलावले. 1961 मध्ये संस्था सुरू झाल्यापासून असं कधीच झालं नव्हतं. मीरानं घाईघाईत बॅग भरली, मुख्याध्यापकांना सांगितलं आणि निघाली. मुलांना सांगायचं राहिलं. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली तिच्या पर्समध्येच अमेरिकेत आली.

मधली दोन वर्षं तशी बरी गेली. मार्च 2022 मध्ये स्वयंसेवक पुन्हा जायला लागले, सुरुवातीच्या देशांत झांबिया होता. ती बातमी वाचली आणि मीराची झोप उडाली.

“ताई, मी पळून आले.”

“राहायचं की जायचं, हे तुला कुणी विचारलं होतं?”

“नाही.”

“मग पळून आलीस कशी?”

असल्या युक्तिवादानं अपराधीपणा जात नाही. बोलणं सुरू होतं, इतकंच.

मग मी तिला त्या आठवड्यात शाळेत काय काय घडलं ते तारखांनिशी लिहून आणायला सांगितलं. स्वतःचं नाही, शाळेचं. लिहिता लिहिता ती 20 मार्चपाशी थांबली. त्या दिवसापासून झांबिया सरकारनं देशभरातल्या शाळा बंद केल्या होत्या. ती गावात थांबली असती तरी शिकवायला वर्ग नव्हता. “मला माहीत होतं हे,” ती म्हणाली, “पण डोळ्यांसमोर वर्ग भरलेलाच यायचा. सगळे दाराकडे बघतायत असा.”

माणूस गेलं की निदान दिवस घातले जातात, लोक भेटायला येतात. इथे कुणी गेलेलं नसतं, पण हातातलं सगळं सुटलेलं असतं. अशा नुकसानाचं दुःख करायची रीतच नसते, म्हणून ते अपराधीपणाचं रूप घेऊन बसतं, असा माझा अनुभव आहे.

मीरानं मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं, किल्लीबद्दल माफीही मागितली. उत्तर व्हॉट्सॲपवर आलं. कपाटाचं कुलूप त्यांनी केव्हाच तोडलं होतं, पुस्तकं मुलांच्या हातात होती. तिची सातवीची मुलं आता पुढच्या शाळेत गेली होती. हे वाचून मीरा हसली, आणि थोडी दुखावलीही. आपल्यावाचून अडलं नाही, हे पचायला वेळ लागतो.

त्यानंतरच मी तिला विचारलं, “तेच गाव मिळेल असं नाही. अनोळखी शाळा मिळाली, तर जाशील?” माफी मागायला परत निघालेल्यांना मी थांबायला सांगते. शिकवायला निघालेल्यांना अडवत नाही. मीरानं उत्तराला बरेच दिवस घेतले. “जाईन,” ती म्हणाली, “पण प्रत्येक फोनला दचकेन.”

दचकणारच. ते थांबवण्यापेक्षा, पुन्हा तसाच फोन आला तर काय, याची तयारी आम्ही केली. कपाटाची दुसरी किल्ली शाळेतल्या शिक्षकाकडे ठेवायची. धडा कुठवर आला ते दर आठवड्याला वहीत लिहायचं, म्हणजे दुसऱ्या कुणालाही तिथून पुढे शिकवता येईल. आणि मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगायचं, की मी काही काळासाठी आले आहे, मध्येच जावं लागू शकतं.

तिनं अर्ज भरला तेव्हा आईचा होकार नव्हता. तो मिळवून देणं माझं काम नाही, हे मी दोघींनाही सांगितलं.