‘बाकी’ भरू नका, स्टॅम्पपेपर जपून ठेवा

रायगड जिल्ह्यातल्या एका कातकरी वाडीवरून बारावी झालेल्या मुलानं लिहिलं आहे. आईवडिलांनी गेल्या दिवाळीआधी भट्टीसाठी मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून ४०,००० रुपयांची उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतली आणि ते भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेले. पावसाच्या तोंडावर हिशेब झाला, तेव्हा शेठनं अंगावर २२,००० रुपये बाकी काढली आणि दोघांचे अंगठे स्टॅम्पपेपरवर घेतले. आता वकिलाची नोटीस आली आहे: बाकी भरा किंवा येत्या हंगामाला कामावर या, नाहीतर फसवणुकीची तक्रार करू. मुलानं घाबरून ५,००० रुपये मोबाइलवरून पाठवलेसुद्धा. त्याचा प्रश्न असा की, उरलेले हप्त्यानं फेडतो असा नवा कागद करून द्यावा का?

देऊ नका. एक रुपयाही आणखी भरू नका. दिवाळी जवळ आली की अशी पत्रं येतात आणि बहुतेकांत कुणीतरी असा दुसरा कागद आधीच करून दिलेला असतो.

उचल कशी वाढत जाते ते तुमच्या घरानं भोगलं आहे, मी सांगायला नको. तुम्ही पाठवलेल्या फोटोतली तिसरी ओळ वाचा: ‘हिशेब पुरा फिटेपर्यंत आम्ही दुसऱ्या कोणाकडे कामास जाणार नाही.’ सगळं प्रकरण या ओळीवर उभं आहे. १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात वेठबिगारीची जी व्याख्या आहे, तिच्यात साखळदंड लागत नाहीत. उचल घेतली आणि तिच्यापायी बिनमजुरीनं किंवा नाममात्र मजुरीवर राबावं लागलं, किंवा दुसरीकडे काम करण्याची मोकळीक गेली, किंवा हिंडण्याफिरण्याची गेली, यातली एक गोष्ट पुरते. इथं मालकानं ती स्वतःच्या हातानं स्टॅम्पपेपरवर लिहून दिली आहे. ज्या कागदाला तुम्ही घाबरताय, तोच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

त्या कायद्याच्या कलम ६ नं असं कर्ज संपलेलं आहे. त्याच्या वसुलीचा दावा दिवाणी न्यायालयात चालत नाही. कलम ९ तर म्हणतं, संपलेल्या कर्जापोटी पैसे स्वीकारणं हाच गुन्हा, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तुमच्या ५,००० रुपयांची नोंद बँकेत आहे, तिचा उतारा काढून ठेवा. शेठ दोषी ठरला तर ती रक्कम न्यायालय परत भरायला लावू शकतं. आणि कलम १५: हे वेठबिगारीचं कर्ज आहे असं मजुरानं म्हटलं की ते तसं नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर, म्हणजे इथं शेठवर. अंगठा लावणाऱ्या बापानं कागद शोधत फिरायचं नाही.

तरीही मजुरीचा हिशेब लागेल, आणि तिथं तुमचा राग येतो. खर्ची, म्हणजे हंगामात घरखर्चाला हातात पडणारे पैसे, दर बाजाराच्या दिवशी मिळायची असं लिहिता. किती, तर ‘आठवत नाही’. घरात शिकलेला मुलगा आहे, हातात मोबाइल आहे, आणि तीन हंगामांत एकदाही खर्ची किंवा थापलेल्या विटा कुठं मांडून ठेवल्या नाहीत! आता आईला समोर बसवा आणि तिला आठवेल तसं लिहून काढा. पहाटे तीनला उठून वडील गारा मळायचे, आई गोळे करून द्यायची, पंधरा वर्षांची बहीण वाळत घातलेल्या विटा पलटायची, हे पत्रात तुम्ही ओघात लिहून गेलात. मुकादमाच्या वहीत मात्र एकट्या वडिलांचं नाव. हजार विटांचा दर तिघांत वाटून बघा, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दिवसाला काय पडलं ते कळेल. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेलं काम ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ नुसार वेठच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये एशियाड प्रकरणात सांगितलं आहे. म्हणून अर्जात तिघांची नावं स्वतंत्र घाला. पुनर्वसनाच्या केंद्राच्या योजनेत पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख रुपये आहेत. वहीत नाव नाही म्हणून आई आणि बहीण अर्जातून राहून गेल्या, तर मोठा वाटा तिथंच बुडेल.

किमान वेतनातल्या फरकाचा दावा वेगळा. नव्या वेतन संहितेत त्याला तीन वर्षांची मुदत आहे, पण तो कोणत्या अधिकाऱ्यापुढे लावायचा हे कामगार कार्यालयात विचारूनच ठरवा. फसवणुकीच्या तक्रारीबद्दल इतकंच म्हणेन की, सुरुवातीपासून बुडवायचा हेतू नसेल तर नुसती थकबाकी म्हणजे फसवणूक होत नाही. पोलीस ठाण्यात बोलावणारच नाहीत, असं मात्र मी लिहून देऊ शकत नाही.

आता उशिराचं बघा. तुमच्या तहसीलदाराकडे जूनमध्ये दिलेला अर्ज ‘भट्टी दुसऱ्या जिल्ह्यात’ म्हणून पुढं पाठवला गेला आणि तुम्ही गप्प बसलात. हे अर्ज असेच दोन जिल्ह्यांमध्ये कुजतात. वेठबिगारीतून सुटका झाल्याचा सरकारी कागद, म्हणजे मुक्तीचा दाखला, मिळाल्याशिवाय ३०,००० रुपयांपर्यंतची तातडीची मदतही हलत नाही, आणि उरलेली मोठी रक्कम आरोपीच्या शिक्षेशी जोडलेली असल्यानं तिला वर्षं लागतात. त्या पैशाच्या भरवशावर कुणाकडून उसने घेऊ नका. नवा अर्ज भिवंडीच्या प्रांताधिकाऱ्यांना आणि ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना द्या, प्रत रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांना. ‘मजूर तर घरी आहेत, मग वेठबिगार कसले?’ असं विचारलं जाईल, म्हणून उत्तर अर्जातच लिहा: बाकी अजून मागितली जाते आहे, कामावर ओढायची धमकी आहे, नोटीस सोबत जोडली आहे.

आईवडिलांचे जातीचे दाखले काढून ठेवा. मालक अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर ॲट्रॉसिटी कायद्याचं कलमही लागू शकतं. वकिलाला पैसे देऊ नका, अनुसूचित जमातीच्या माणसाला विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. वसुलीचा दावा झालाच, तर तुमच्या बाजूनं तो लढणं हे याच कायद्यानं नेमलेल्या दक्षता समितीचं काम आहे, त्या समितीलाही पत्र द्या. नोटिशीचं उत्तर वकिलाकडूनच जाऊ द्या.

हे सगळं मुकादम वाडीवर यायच्या आत व्हायला हवं. नव्या उचलीवर वडिलांचा अंगठा पडला, तर ते राजीखुशीनं परत गेले असं शेठ म्हणेल आणि चौकशी करणारा अधिकारी तेवढ्यावर फाईल बंद करेल. अर्जाची पोच तारीख आणि शिक्क्यासह घ्या, आणि आईचा जबाब घेतील तेव्हा तो तिला कातकरीत वाचून दाखवल्याशिवाय तिचा अंगठा लावू देऊ नका.