'बरे झाले'मधला वर

प्रश्न असा आहे : "'कठीण काळातही कृतज्ञता निवडा' असे हल्ली व्याख्यानांतून ऐकू येते. हे मराठी बरोबर आहे का? आणि सभेत 'मी सर्वांचे ऋण व्यक्त करतो' म्हणावे की 'आभार मानतो'?"

आधी ऋणाचे. ऋण व्यक्त करता येत नाही. ऋण म्हणजे कर्ज. ते काढतात, मान्य करतात, फेडतात, बुडवतातही. व्यक्त करायची ती कृतज्ञता. प्रत्येक सत्कार समारंभात हा प्रयोग ऐकावा लागतो आणि दर वेळी तो कानाला टोचतो.

'कृतज्ञता निवडा' हे व्याकरणात बसते, पण मराठीत बसत नाही. आपण तांदूळ निवडतो, मेथी निवडतो, उमेदवार निवडतो. मनातला भाव आपण धरतो किंवा ठेवतो. कृतज्ञ, कृतघ्न, आभार यांचे अर्थ कोणत्याही कोशात सापडतील, त्यांत वेळ घालवत नाही.

संकटातही भले मानून घेण्याचा मराठीचा स्वतःचा प्रयोग आहे 'बरे झाले'. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली आजी गेली की डोळे पुसत बायका म्हणतात, "बरं झालं, सुटली." अपघातात हात मोडला, तरी "बरं झालं, डोक्यावर नाही बेतलं." आणि तुकोबा! 1630 ते 1632च्या दुष्काळात वाण्याचा धंदा बसला. 'दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' हे त्यांनीच लिहिले आहे. त्याच माणसाने लिहिले, 'बरें झालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली'. दिवाळे, दुष्काळ, अपमान, एकेक आपत्ती घेऊन तिला 'बरे' म्हणत जाणारा हा अभंग आहे. मराठीत कृतज्ञतेला देशी शब्दच नाही, 'धन्यवाद'सुद्धा पुस्तकी, असे ठासून सांगणाऱ्या विद्वानांनी तो एकदा मोठ्याने वाचावा.

आता या 'बरे'ची गंमत पाहा. माझ्या मते बरा म्हणजे संस्कृत 'वर'. हा वर 'वृ' धातूचा. झाकण्याचा वृ नव्हे (त्यातून आवरण आले), तर पसंत करण्याचा. वरणे, स्वयंवर, वरमाला, देवाने दिलेला वर ही सगळी त्याची बाळे. वर म्हणजे पसंत केलेले, म्हणून उत्तम, म्हणून बरे. म्हणजे व्याख्याते जी 'निवड' बाहेरून आणून कृतज्ञतेला चिकटवतात, ती 'बरे' या दोन अक्षरांत मुळातच आहे. दिवाळ्याला 'बरे' म्हणताना तुकोबांनी ते वरले.

यावर ठरलेला आक्षेप येतो. मराठीत शब्दारंभीचा व टिकतो, हिंदीत त्याचा ब होतो : वीज आणि बिजली, वांझ आणि बाँझ. मग 'वरा' का नाही? नियम खरा आहे, पण तो असा काठीसारखा उगारणे मला मान्य नाही. 'उपविश्'पासून 'बैसणे' झाले, तिथे मधल्या अवस्थेतल्या व-चा ब झालाच ना? आणि रोज तोंडी घोळणारे शब्द नियमाआधी झिजतात. ज्ञानदेवांचा विठ्ठलही 'बरवा' आहे, 'वरवा' नाही. हे रूप तेव्हाच पक्के झाले होते. 'बरा'ला परभाषेतून आलेला ठरवणाऱ्यांनी 'बरवा' कुठून आला, तेही सांगावे. त्या प्रश्नापाशी ते नेहमी गप्प होतात.

आणि गोव्यात जा. तिथे कोकणीत आभार मानायचे तर हिंदू असो वा ख्रिस्ती, म्हणतात, 'देव बरें करूं'. आभाराचा भार नाही की ऋणाची खतावणी नाही. देव तुमचे बरे करो, एवढेच. तळकोकणातल्या मालवणी घरांतही 'देव बरा करो' ऐकायला मिळते. 'आभार की ऋण' विचारणाऱ्यांनी हा तिसरा पर्याय सभेत एकदा तरी वापरून पाहावा.