जीपीएस असताना विमानतळांवर व्हीओआरसारखी जुनी रेडिओ यंत्रं का चालू ठेवतात? ही उधळपट्टी नाही का?

‘उधळपट्टी’ वाचलं आणि राहवलं नाही. व्हीओआर म्हणजे विमानाला दिशा सांगणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र. नोकरीची २९ वर्षं मी हीच जुनी यंत्रं सांभाळली, तेव्हा तटस्थ उत्तराची अपेक्षा ठेवू नका.

किनारपट्टीवरचा एक छोटा विमानतळ. आयएलएस, म्हणजे विमानाला थेट धावपट्टीवर उतरवणारी रेडिओ यंत्रणा, नव्हती. पावसाळी ढगांतून विमानाला धावपट्टीच्या तोंडाशी आणायला एकच आधार, डीव्हीओआर, म्हणजे व्हीओआरचाच सुधारित प्रकार. गावातली माणसं त्याला तबकडी म्हणत. खांबांवर जाळीचं मोठं गोल छत, मधोमध एक अँटेना, भोवती रिंगणात ४८ आणि प्रत्येकीवर पांढरी टोपी. जुलैतल्या एका संध्याकाळी मॉनिटरचा अलार्म वाजला, बेअरिंग (यंत्र सांगतं ती दिशा) सरकलंय. एक नंबरचा ट्रान्समीटर पडला, दोन नंबर चालू झाला, तासाभरात तोही पडला. म्हणजे दोष खाली खोलीत नव्हता, वर अँटेनात होता. (या यंत्राचं हेच मला आवडतं. खोटी दिशा सांगायची वेळ आली की ते गप्प बसतं.)

त्याच संध्याकाळी साडूंच्या मुलीचा साखरपुडा. माझी बॅग भरलेली. ती तशीच ठेवली, यंत्र बंद असल्याची नोटॅम (वैमानिकांसाठीची सूचना) काढायला सांगितली आणि मदतनिसाला घेऊन वर चढलो. एकेक टोपी उघडायची, केबल सोडवायची, मापायची, पुसायची, परत बसवायची. तोंडात टॉर्च, रेनकोट असून नसल्यासारखा. एकतिसावी टोपी काढली तर हातावर मुंगळेच मुंगळे. रबराची कड त्यांनी की उन्हाने खाल्ली देव जाणे, पण कनेक्टरात पाणी शिरून पितळेवर हिरवं कीट चढलं होतं. नवा कनेक्टर लावला, टेप गुंडाळली, उरलेल्या सतराही उघडून पाहिल्या. पहाटे साडेचारला सगळी रीडिंग जागेवर आली. सकाळचं विमान वेळेवर उतरलं.

साडू म्हणाले, “एका तबकडीपायी पोरीचा साखरपुडा चुकवलात? उद्या सगळं सॅटेलाइटवर जाणार, तुमची तबकडी भंगारात.” त्यांचा धंदा ट्रकांना जीपीएस ट्रॅकर बसवायचा. तेव्हापासून दर दिवाळीला फराळाबरोबर हे वाक्य ठरलेलं.

तर ऐका. जीपीएसचे उपग्रह २० हजार किलोमीटर वर. सिग्नल खाली पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की छोटासा जॅमरही त्याला बुडवतो. अमेरिकेत नेवार्क विमानतळावर २०१२ साली नेमकं हेच झालं. मालकाच्या ट्रॅकरला चुकवायला एका ड्रायव्हरने गाडीत जॅमर लावला आणि शेजारी चाचणी चाललेल्या उपग्रहाधारित लँडिंग यंत्रणेत व्यत्यय आला. पुढच्या वर्षी त्याला ३१,८७५ डॉलर दंड. ही बातमी मी साडूंना पाठवली होती. उत्तर आलं नाही.

जॅमिंग निदान कळतं तरी. स्पूफिंगमध्ये खोटा सिग्नल येतो आणि रिसीव्हर त्यावर विश्वास ठेवतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत १० नंबरच्या धावपट्टीवर जीपीएसच्या आधाराने उतरणाऱ्या विमानांना याचा त्रास झाला. जिथे पारंपरिक यंत्रं होती त्या धावपट्ट्यांवर परिणाम झाला नाही, असं विमान वाहतूक मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं. एस्टोनियातल्या तार्तू विमानतळावर तर तेव्हा उतरायचं ते जीपीएसवरच. एप्रिल २०२४ मध्ये फिनएअरची दोन विमानं हेलसिंकीला परत फिरली, मग महिनाभर सेवाच बंद. पुन्हा सुरू झाली ती कशावर? डीएमईवर. म्हणजे विमानाला अंतर सांगणारं, आमच्याच घराण्यातलं जुनं रेडिओ यंत्र. अमेरिकेनेही व्हीओआर कमी करायला घेतले, पण निम्म्याहून अधिक राखीव ठेवायचं ठरवलं.

हं, मी उपग्रहांच्या विरोधात आहे असं समजू नका. एनडीबी, म्हणजे व्हीओआरहूनही जुने साधे रेडिओ दीपस्तंभ, केव्हाच काढायला हवे होते; वादळात त्यांच्याकडे रोखलेली विमानातली सुई ढगाकडे वळते. व्हीओआरची एका अंशाची चूक ६० मैलांवर एक मैल होते, जीपीएस त्याहून कितीतरी अचूक. जीपीएस आणखी अचूक करणारी आपली ‘गगन’ यंत्रणाही उत्तम आहे. २८ एप्रिल २०२२ ला इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानातल्या किशनगढला तिच्याच आधाराने उतरलं. मुख्य काम उपग्रहांकडे जावं, गेलंच आहे. पण शेवटची तबकडी काढायची भाषा करणाऱ्याने आधी तार्तूला जाऊन यावं.

खर्चाचं म्हणाल तर व्हीओआरला लागते वीज, भोवतीचं गवत कापायला माणूस आणि पावसात वर चढणारा कुणीतरी. आणि साडू, हे वाचत असाल तर त्या साखरपुड्याचा आहेर मी दुसऱ्याच दिवशी पाठवला होता. पोचल्याचं तुम्ही अजून कळवलेलं नाही.