दोन पर्यायांपर्यंत येते आणि तिथंच चुकते

क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, जवळ आली की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बारावीच्या मुलांचं तिच्यातल्या तर्काच्या विभागाबद्दलचं वाक्य ठरलेलं असतं : "लॉजिकलमध्ये दोन पर्यायांपर्यंत येतो आणि नेमका चुकीचाच निवडतो." पाठोपाठ पालक विचारतात, "डोकंच त्यातलं नाही का हो हिचं?"

कोथरूडच्या एका मुलीशी झालेलं बोलणं ओळख बदलून, बरंच आटवून देते.

"मॉक टेस्टमध्ये लॉजिकलचे २४ पैकी ११ बरोबर आले, मॅडम. माझं डोकं वकिलीचं नाहीच."

"हेच वाक्य उताऱ्यात आलं असतं, तर निष्कर्ष कुठला?"

"डोकं वकिलीचं नाही, हा."

"आधार?"

"२४ पैकी ११."

"आणि न सांगता धरून चाललेलं काय?"

ती गप्प. मीही गप्प राहिले. इथं उत्तर सुचवण्याची घाई करणारा समुपदेशक मोक्याची जागा घालवतो, या मताला मी वर्षानुवर्षं चिकटून आहे. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "की गुण कमी पडायला दुसरं काही कारण असूच शकत नाही."

"उलटं करून बघ."

"दुसरं कारण असू शकतं..." आणि तिला हसू आलं. "मग निष्कर्ष उभाच राहत नाही की!"

अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा भर आहे. घटनेपेक्षा तिच्याबद्दलची आपली समजूत जास्त छळते, हे त्यातलं सूत्र. लॉच्या मुलांना ते वेगळं शिकवावं लागत नाही, कारण त्यांची भीती आणि त्यांचा पेपर एकाच साच्यात बसतात. हे जुळवून घेतल्यापासून धीर देण्यात माझा वेळ जात नाही.

मग दुसरं कारण शोधलं. १३ चुकांपैकी ८ ठिकाणी शेवटी दोनच पर्याय उरले होते आणि बहुतेक वेळा तिनं जगात खरा असलेला पर्याय निवडला होता. उताऱ्याला त्याची गरज आहे का, हे पाहिलंच नव्हतं.

समजा, गृहीतक, म्हणजे न सांगता धरून चाललेली गोष्ट, विचारली आहे आणि युक्तिवाद असा आहे : कर्वे रस्त्यावर सायकल मार्ग आखला की कोंडी कमी होईल. पर्याय एक, सायकल चालवणं तब्येतीला चांगलं. पर्याय दोन, आज गाडी काढणारे काही जण तरी सायकल वापरतील. दुसरा उलटा करा : गाडीवाला एकही सायकलकडे वळणार नाही. युक्तिवाद कोसळला, म्हणजे गृहीतक हेच. पहिला उलटा केला तरी कोंडीच्या मुद्द्याला धक्का लागत नाही. मात्र ही कसोटी गृहीतकाच्या प्रश्नापुरतीच. युक्तिवाद बळकट करणारा पर्याय आवश्यक असतोच असं नाही, त्यामुळे तिथं ती फसवते.

क्लॅटचा उतारा साधारण ४५० शब्दांचा असतो. आधी प्रश्न वाचावेत, मग उतारा, आणि पर्यायांकडे बघण्याआधी निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत, एका ओळीत म्हणावा. ही पायरी मुलं वेळ वाचवायला गाळतात आणि तिथंच वेळ घालवतात. 'काय अनुमान निघतं' असं विचारलं असेल तर 'सर्व', 'फक्त', 'कधीच' असलेल्या पर्यायावर संशय घ्यावा. उताऱ्यानं 'काही' म्हटलं असेल तर 'सर्व' निघत नाही. 'पाऊस पडला तर सामना रद्द' यावरून 'सामना रद्द झाला, म्हणजे पाऊस पडला' हेही निघत नाही.

१२० मिनिटांत १२० प्रश्न, चुकीला पाव गुण वजा. खरोखर दोन पर्याय उरले असतील तर उत्तर द्यावंच : अशा दोन प्रश्नांपैकी एक बरोबर, एक चूक आला तरी पाऊण गुण हाती राहतो. तिथं पाच मिनिटं झुरत बसू नये.

चुकांच्या वहीत तिला तीनच गोष्टी लिहायला सांगितल्या : प्रश्नाचा प्रकार, चुकीचा पर्याय का भावला, आणि उताऱ्यातल्या कुठल्या शब्दानं तो बाद होतो. 'सिली मिस्टेक' असं लिहायला बंदी. आठवड्याला दोन मॉक पुरतात. पेपर सोडवायला लागतो तितकाच वेळ तो तपासायला ठेवावा. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत रोज एक मॉक संपवणारी मुलं त्याच चुका घोटून पक्क्या करतात.

पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयासाठी राज्याची लॉ सीईटी देणार असाल तर तिथं अंक-अक्षरांच्या मालिका, नातेसंबंध, बैठक व्यवस्था असे सुटे प्रश्नही येतात. त्यांचा सराव वेगळा, कागदावर आकृती काढून करावा. आणि तिथं चुकीला गुण वजा होत नाहीत, म्हणून शेवटची दोन मिनिटं राखून ठेवा आणि एकही प्रश्न कोरा सोडू नका.