तालुका सुरक्षित, मग आमची विहीर कोरडी कशी? वाचकांचे पाण्याचे आणि जमिनीचे प्रश्न

मागच्या अंकात भूजलाच्या सरकारी अहवालांवर लिहिलं होतं, त्यावर बरेच मेसेज आले. काही जण चिडलेत, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चिडणं बरोबर आहे. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून चार प्रश्न घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण तोच प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय.

प्रश्न: नमस्कार ताई. आमचा तालुका सरकारी यादीत 'सुरक्षित' आहे असं पंचायत समितीत सांगतात. आमच्या विहिरीत फेब्रुवारीतच खडखडाट, शेजारच्याचं 600 फुटाचं बोअर नुसता फुफाटा उडवतंय. मग हे सर्वेक्षण ऑफिसात बसून करतात का?
– एक शेतकरी, बीड जिल्हा

उत्तर: दादा, ऑफिसात बसून नाही करत, माणसं खरंच टेप घेऊन विहिरीवर जातात. आपल्या राज्यात हे काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आहे, 1972 च्या दुष्काळाच्या सुमाराला ती उभी राहिली. केंद्राचं केंद्रीय भूजल मंडळ वेगळं, त्यांच्या विहिरी वेगळ्या. राज्याच्या यंत्रणेने गावोगावी निरीक्षण विहिरी ठरवून ठेवल्यात, त्यातलं पाणी वर्षातून चारदा मोजतात, जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपल्यावर साधारण ऑक्टोबरला. मे आणि ऑक्टोबर यातला फरक म्हणजे पावसाने जमिनीत किती भर घातली त्याचा अंदाज. तो फरक गुणिले क्षेत्र गुणिले खडकाची पाणी सोडायची क्षमता, झालं पुनर्भरण. पावसाच्या आकड्यावरून वेगळा हिशोब करून ते ताडून बघतात, कालव्याचं, तलावाचं, शेतातून परत मुरणारं पाणी त्यात मिळवतात. मग उपसा किती ते काढायचं आणि मिळणाऱ्या पाण्यातलं किती उपसलं त्याची टक्केवारी लावायची. 70 टक्क्यांपर्यंत सुरक्षित, 70 ते 90 अंशतः शोषित, 90 ते 100 शोषित, शंभरच्या वर अतिशोषित. अख्ख्या राज्याचा आकडा काढला तर अलीकडच्या वर्षांत 50-55 टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे कागदावर आपण सगळेच मजेत आहोत.

आता गोची कुठे होते ते बघा. आधी हा हिशोब पाणलोटवार व्हायचा, राज्यात दीड हजाराच्या वर पाणलोट आखलेत. अलीकडे तो तालुकावार मांडतात. तालुका म्हणजे शंभरेक गावं, त्यात एखाद्या गावाला कालवा आहे, एखादं गाव डोंगराच्या माथ्यावर आहे, एखाद्यात ऊस आहे आणि एखाद्यात नुसती बाजरी, आणि सगळ्यांची मिळून एक टक्केवारी. घरातल्या सगळ्यांची सरासरी उंची काढून एकच सदरा शिवायचा, तसलं हे. कालव्याच्या गावांचं पाणी तुमच्या नावावर जमा होतं आणि तुमची तूट त्यांच्या शिलकेत बुडून जाते.

दुसरं म्हणजे उपसा कुणी मोजत नाही, तो अंदाजाने धरतात. विहिरी आणि बोअर किती, एकेकीतून वर्षाला सरासरी किती पाणी निघतं, त्याचा गुणाकार. आता रात्रीतून गाडी बोलावून मारलेल्या बोअरची नोंद कुठे असते हो? तलाठ्याकडे नाही, वीज कंपनीकडे असेलच असं नाही. म्हणून उपसा कमी दिसतो आणि तालुका सुरक्षित निघतो.

तिसरी गोष्ट मला स्वतःला सगळ्यात जास्त खटकते. बऱ्याच निरीक्षण विहिरी या उघड्या, जुन्या, 40-50 फुटी विहिरी आहेत. आजूबाजूला खोल बोअर झाली की या आधी आटतात. आटलेल्या विहिरीत मोजायला पाणीच नाही, मग त्या खेपेला आकडा नाही, आणि सरासरी काढताना ज्यांच्यात पाणी आहे त्याच विहिरी उरतात. म्हणजे परिस्थिती बिघडत गेली तशी सरासरी उलट बरी दिसायची शक्यता असते! पद्धतीत हे माहीत नाही असं नाही, आता बऱ्याच ठिकाणी मुद्दाम खोदलेल्या निरीक्षण नळ्या आणि आपोआप नोंद करणारी यंत्रं बसवलीत, पण जुनी लांब मालिका अजून त्या जुन्या विहिरींचीच आहे.

आणि आपला खडक. महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून जास्त भाग काळ्या बसाल्टचा. वरचा मुरूम आणि मांजऱ्या (भोकाभोकांचा मऊसर खडक) थोडं पाणी धरतो, खालचा घट्ट कातळ जवळजवळ काहीच धरत नाही, फटी असतील तेवढंच. मुरूम-मांजऱ्याची पाणी सोडायची क्षमता हिशोबात साधारण 2 टक्के धरतात. म्हणजे एका एकराखालचं पाणी 1 मीटरने उतरलं तर आपल्या हाती आलेलं पाणी फक्त 80 हजार लिटर, 10 हजारी 8 टँकर, बास. तापी-पूर्णेच्या गाळात हेच 6 ते 16 टक्के धरतात. म्हणून आपल्याकडे चांगला पाऊस झाला की विहीर काठोकाठ, बघणाऱ्याला वाटतं चंगळ आहे, आणि दोन-तीन महिन्यांत तळ. पाटाने पाणी दिलेल्या एक एकर उसाला वर्षाला साधारण 80 लाख लिटर लागतं धरा. पाऊस आणि परत मुरणारं पाणी वजा करून निम्मं म्हटलं तरी 50 एकराखालचं पाणी मीटरभर खाली. आता तुमच्या शिवारात ऊस किती एकर आहे ते तुम्हीच मोजा.

मग करायचं काय? टक्केवारीवर भांडत बसू नका. जिल्ह्याच्या वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या ऑफिसला लेखी अर्ज देऊन तुमच्या गावाच्या जवळच्या निरीक्षण विहिरीचे गेल्या वीस वर्षांचे मे आणि ऑक्टोबरचे आकडे मागा, कोरडी कधी कधी होती तेही मागा, तोंडी विचारलं तर 'साहेब फील्डवर गेलेत' हे उत्तर ठरलेलं. नाही दिलं तर माहितीचा अधिकार आहेच. आणि गावातल्या पाच-सहा विहिरी स्वतः मोजायला लागा. टेपला दगड बांधायचा, पहाटे मोटार सुरू व्हायच्या आधी काठापासून पाण्यापर्यंत मोजायचं, त्याच चार महिन्यांत, दरवेळी काठावरच्या त्याच खुणेपासून. हिवरे बाजारने पाऊस मोजून आणि पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, शेतीसाठी बोअर बंद केले, ते काही तालुक्याच्या टक्केवारीची वाट बघत बसले नव्हते. अटल भूजल योजनेत (2019 साली सुरू झाली, 7 राज्यांत, आपलेही 13 जिल्हे त्यात घेतले) ग्रामपंचायतीने असाच ताळेबंद करायचा होता. काही गावांत तो खरा झाला, काही ठिकाणी मागच्या वर्षीचीच फाईल तारीख बदलून फिरली, तुमच्या गावात झाला असेल तर ग्रामसभेत वाचून दाखवायला लावा.

प्रश्न: ताई, बोअरची जागा पाणाड्याने नारळ फिरवून दाखवली, भाऊ म्हणतो भूवैज्ञानिकाकडून मशीन लावून घे. पैसे कुठे घालू?
– वाचक, सांगोला

उत्तर: मशीनवर. पण मशीन म्हणजे जादू नाही हे आधी ऐका. जमिनीत खुंट्या ठोकून करंट सोडतात आणि खडक किती अडवतो ते मोजतात. सुका कातळ जास्त अडवतो, ओला भुसभुशीत खडक कमी. खुंट्या लांब लांब नेल्या की खोलवरचं कळतं. अडचण अशी की गेरूचा थर, चिकणमाती, खारं पाणी हे पण कमीच अडवतात, त्यामुळे मशीन 'इथे ओल दिसते' म्हणालं तरी ती माती निघू शकते. म्हणून चांगला माणूस आधी आसपासच्या विहिरी बघतो, नाल्याची दिशा बघतो, विहिरीच्या भिंतीत मांजऱ्या कुठे आणि पाषाण कुठे ते बघतो, मग मशीन लावतो. जो गाडीतून उतरल्या उतरल्या खुंट्या ठोकतो त्याच्यापासून सावध राहा. पाणाड्याच्या जागेला पण पाणी लागतं कधीकधी, नाकारत नाही. जुने पाणाडे शिवार ओळखून असतात आणि त्यांचं खरं ज्ञान ते असतं, नारळ आपला शोभेला.

खोलीचं म्हणाल तर 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटर, म्हणजे सुमारे 200 फूट, याच्या पुढची विहीर किंवा बोअर 'खोल' धरलीय आणि शेतीसाठी तसं खोदण्यावर बंधन घातलंय. गाडीवाला तुम्हाला हे सांगणार नाही, त्याचं मीटर फुटावर पळतं.

प्रश्न: उपग्रहाच्या सरकारी नकाशात माझी सव्वा एकर बागायत 'पडीक' दाखवलीय. उद्या यावरून अनुदान अडवलं तर? तक्रार कुठे करायची?
– वाचक, जुन्नर

उत्तर: घाबरू नका, त्या नकाशाने तुमच्या जमिनीचा दर्जा बदलत नाही. तुमच्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर असते, 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणीत आपण स्वतः मोबाईलवरून करतो ती. ती वेळेवर करा, फोटो बांधावर उभं राहून काढा, नाहीतर खरा घोळ तिथे होतो.

नकाशाचं काय झालं असेल ते सांगते. देशभराचे जमीन वापराचे नकाशे हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र राज्यांच्या केंद्रांना सोबत घेऊन करतं, आपल्याकडे नागपूरचं एमआरसॅक. त्यात वापरलेल्या एका उपग्रह कॅमेऱ्याचा एक ठिपका जमिनीवर साधारण साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठे. नकाशा 1:50,000 चा, म्हणजे नकाशावरचा 3 मिलिमीटरचा चौकोन जमिनीवर 150 मीटरचा, सव्वादोन हेक्टर. याहून बारीक तुकडा त्यावर वेगळा दाखवणं अवघड. तुमची सव्वा एकर आजूबाजूच्या माळात विरघळली, बाकी काही नाही. शिवाय खरीप, रब्बी आणि उन्हाळी असे तीन हंगामांचे फोटो एकत्र बघून ठरवतात, खरिपाला ढग असतात, फोटोच नीट मिळत नाही, आणि नेमक्या त्या वर्षी तुम्ही रान मोकळं ठेवलं असेल तर पडीकच दिसणार.

हे नकाशे एका शेतासाठी नसतातच. दहा वर्षांच्या अंतराचे दोन नकाशे शेजारी ठेवून पाणलोटात झाडोरा किती घटला, बांधकाम किती वाढलं, उन्हाळ्यात हिरवं किती दिसतं, हे बघायला ते उत्तम. उन्हाळी हिरवं वाढतंय आणि निरीक्षण विहिरी खाली जातायत, हे दोन्ही एकत्र दिसलं की पाणी कुठे गेलं ते कळतं. पण पाण्याचा अहवाल एका खात्याचा आणि जमिनीचा दुसऱ्याचा, हे दोन कागद एका टेबलावर क्वचितच येतात. मातीचं तर तिसरंच, त्याची राष्ट्रीय संस्था नागपुरातच 1976 पासून आहे.

प्रश्न: आम्ही दर्यापूरकडचे. विहिरीला पाणी भरपूर, पण खारट, पिकाला चालत नाही. सरकारने याचा कधी अभ्यास केला का?
– वाचक, अमरावती जिल्हा

उत्तर: भरपूर केलाय. अमरावती, अकोला, बुलढाणा मिळून पूर्णेच्या काठचा तुमचा खारपाणपट्टा भूजलाच्या नकाशांवर वर्षानुवर्षं वेगळा रंगवलेला असतो. तिथे जाड गाळ आहे, त्यातलं पाणी मुळातच खारं, आणि वरची काळी चिकण माती पावसाचं गोडं पाणी खाली लवकर जाऊ देत नाही. म्हणून तिथे 'पाणी किती' हा आकडा जवळपास निरुपयोगी, 'कसं' ते बघावं लागतं. खोल बोअर मारून गोडं लागेल या आशेने पैसे घालू नका, आधी शेजारच्या बोअरचं पाणी जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्या, क्षारांचा आकडा आणि सोडियम दोन्ही विचारा, कारण सोडियमने तुमची माती आणखी आवळते. शेततळं करून पावसाचं पाणी वरच्या वर धरणं आणि त्यावर हरभऱ्याला एक-दोन संरक्षित पाणी देणं, तुमच्याकडच्या बऱ्याच शेतकऱ्यांनी हाच मार्ग धरलाय. शेततळ्याची जागा बघताना मात्र ते विहिरीच्या खाऱ्या पाण्याने भरायचा मोह टाळा, गेल्या उन्हाळ्यात एकाने मला अभिमानाने तसलं भरलेलं तळं दाखवलं होतं, काय बोलणार.